दहा बाय पंधराच्या हॉलसाठी स्पीकरची जोडी निवडताना

हॉल दहा बाय पंधरा फुटांचा, उंची साडेनऊ फूट. भिंती विटांच्या, वर आरसीसी स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका लांब भिंतीत बाल्कनीचं सरकतं दार. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टू-बीएचकेंमध्ये हॉल असाच असतो. ऐकायचं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीतं, मध्यम आवाजात. या हॉलसाठी जोडी निवडताना जो क्रम पाळला तो इथे देतो. एरवी आधी ब्रँड ठरतो, मग बजेट, मग दुकान, आणि खोकी घरी आल्यावर ती ठेवायची कुठे हा प्रश्न सुरू होतो. तो प्रश्न पहिला घ्यायला हवा. स्पीकर किती मोठा हवा, पोर्ट, म्हणजे खोक्याला खर्जासाठी ठेवलेलं भोक, कुठे हवा, स्टँड किती उंच हवा, हे सगळं जागेवरून ठरतं.

म्हणून पहिली खरेदी मास्किंग टेपची आणि मोजपट्टीची. दहा फुटी भिंतीकडे स्पीकर, तोंड लांबीच्या दिशेने. उलट मांडणीत, म्हणजे लांब भिंतीकडे स्पीकर ठेवले तर सोफा समोरच्या भिंतीला टेकतो, आणि भिंतीला टेकलेली बैठक ही खर्जासाठी सगळ्यात वाईट जागा. खोलीतल्या प्रत्येक मंद्र अनुनादाचा, म्हणजे भिंतींमध्ये घुमून फुगणाऱ्या ठरावीक कंपनसंख्येचा, दाब भिंतीपाशीच कमाल असतो.

हे अनुनाद काढायचं गणित सोपं आहे. ५६५ या आकड्याला फुटांतल्या मापाने भागायचं. पंधरा फुटांना ३८ हर्ट्झ, दहा फुटांना ५६, साडेनऊ फुटांना ५९. शिवाय प्रत्येकाची दुप्पट, तिप्पट. कागदावर ५६ आणि ५९ इतके जवळ आले की धडकी भरते, पण बैठकीच्या जागेवर सगळे सारखे ऐकू येत नाहीत. रुंदीच्या बरोबर मध्ये बसलं तर ५६ चा दाब तिथे जवळजवळ शून्य असतो, आणि दोन्ही स्पीकर मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असले तर ते मिळून तो अनुनाद फारसा उठवतही नाहीत. उंचीचा ५९ कानाच्या पातळीवर निम्म्या दाबाने लागतो. खरा त्रास लांबीच्या दुसऱ्या अनुनादाचा, ७५ हर्ट्झचा. स्पीकरमागच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर बसलं की हा जवळजवळ पूर्ण जोराने कानावर येतो. तीच बैठक दहा फुटांवर नेली की साधारण ५ डीबीने (डेसिबलने) उतरतो. सोफा दीड फूट मागे सरकवण्याला पैसे पडत नाहीत, आणि एवढा फरक महागडा स्पीकर घेऊनही पडत नाही.

हा ७५ चा आकडा आपल्या संगीताला नेमका नडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. डग्ग्याची घुमारही याच पट्ट्यात फिरते. म्हणजे सोफा चुकीच्या जागी असेल तर खर्ज फुगतो, डग्गा मिंडेवर सरकताना एका ठिकाणी एकदम मोठा होतो, आणि दोष मात्र स्पीकरवर येतो.

दुसरं माप भिंतीपासूनचं. वूफरमधून, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्यातून, मागे गेलेला मंद्र ध्वनी मागच्या भिंतीवरून परततो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला मूळ ध्वनीच्या उलट पडून त्याला खाऊन टाकतो. ती कंपनसंख्या काढायला २८२ ला वूफर ते भिंत या अंतराने भागायचं. दीड फुटाला १८८ हर्ट्झ, दोन फुटांना १४१. बाजूची भिंत आणि जमीन यांच्यासाठी आकडा बराच वर सरकतो, कारण ध्वनी तिथून तिरका येतो. तरी नियम तोच: मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांच्यापासूनची अंतरं एकमेकांसारखी नकोत. सारखी असली की खड्डे एकावर एक पडतात, आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा निघून जातो. या हॉलमध्ये वूफरचा पडदा मागच्या भिंतीपासून दीड फुटावर, बाजूच्या भिंतीपासून पावणेदोन फुटांवर आणि जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर आला. दोन स्पीकरमधलं अंतर साडेसहा फूट झालं. कान ते स्पीकर नऊ फूट. दोन स्पीकर आणि कान यांच्या पुस्तकी समभुज त्रिकोणापेक्षा हा कोन अरुंद आहे, पण ७५ हर्ट्झचं ओझं उतरवण्यासाठी ही तडजोड मला मान्य होती.

मग पुठ्ठ्याची दोन खोकी, स्पीकरच्या मापाची, आठवडाभर त्याच जागी. दार उघडताना अडतं का, पडदा सरकतो का, झाडू-पोछा करताना कोणी ती ढकलून ठेवतं का, हे तेव्हाच कळतं. ज्या जागेवरून स्पीकर रोज सरकणार असेल ती जागा निवडून उपयोग नाही. टीव्ही युनिटच्या खणात स्पीकर कोंबायचा विचार असेल तर तो इथेच सोडावा. खणाची पोकळी आवाजात घोगरेपणा आणते, मागे पोर्ट असेल तर जास्तच.

उंचीचं माप घरातल्या बसण्याच्या सवयीवरून घ्यायचं. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या पातळीत हवा. सोफ्यावर बसल्यावर कान साधारण ९५ सेंटिमीटरवर येतो, त्याला २४ इंची स्टँड चालतो. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्यांचा कान ७०-७५ सेंटिमीटरवर असतो. त्यांनी बाजारातला तयार २४ इंची स्टँड घेतला तर ट्वीटर डोक्यावरून जातो, आणि क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात, म्हणजे वूफर संपून ट्वीटर सुरू होतो तिथे दोन-तीन हजार हर्ट्झला, खळगा पडतो. शब्दोच्चार तिथेच असतात. अशा बैठकीला १८ इंचांच्या आसपासचा स्टँड सुताराकडून करून घेतलेला बरा. पाया जड हवा, आत वाळू भरता आली तर उत्तम.

एवढं झाल्यावर आकाराचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. पर्याय तीन: पाच-सव्वापाच इंची वूफरचा टू-वे (एक वूफर, एक ट्वीटर), साडेसहा इंची टू-वे, किंवा जमिनीवर उभा राहणारा उंच फ्लोअरस्टँडर. इथे परदेशी परीक्षणं जपून वाचावी लागतात. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती मंद्र ध्वनीबरोबर थोड्या हलतात आणि तो शोषून घेतात, थोडा बाहेरही जाऊ देतात. आपली विटांची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ काही हलत नाही. खर्ज आतच राहतो. तिथल्या परीक्षकाला जो स्पीकर खर्जात किरकोळ वाटतो तो इथे नेमका बसू शकतो, आणि तिथे भरदार वाटलेला फ्लोअरस्टँडर दहा बाय पंधरात ३८ हर्ट्झचा अनुनाद उठवून सगळ्या खोलीत घुमतो. पन्नास-पंचावन्न हर्ट्झपर्यंत सपाट जाणारा छोटा टू-वे ६९ चा खर्ज पूर्ण देतो, आणि ३८ ला हातही लावत नाही. पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याची गरज वेगळी, त्याने साडेसहा इंची घ्यावा किंवा पुढे सबवूफर जोडावा. माझ्या यादीत मात्र फ्लोअरस्टँडर उरला नाही.

छोट्या स्पीकरला कमी लेखू नये. बीबीसीने १९७० च्या दशकात स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या (ओबी) व्हॅनमध्ये ऐकण्यासाठी एलएस३/५ए तयार केला तो जेमतेम पाच लिटरचा, बंद खोक्याचा. माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यावा ही त्याची कसोटी होती, आणि त्यासाठी तो आजही शोधला जातो. त्याची अडचण एकच, संवेदनशीलता (ठरावीक विजेवर स्पीकर किती आवाज देतो ते) ८२-८३ डीबी, म्हणजे अॅम्पला जास्त वॅट द्यावे लागतात.

कॅटलॉगमधल्या आकड्यांपैकी तीन वाचायचे. पहिला संवेदनशीलता. तो २.८३ व्होल्टला, एक मीटरवर दिलेला असतो. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमच्याला तेच दोन वॅट होतात. म्हणून चार ओहमचा ८७ डीबीचा स्पीकर वॅटच्या हिशेबात ८४ चाच. दुसरा आकडा इम्पीडन्सचा (स्पीकरकडून विजेला होणारा विरोध, ओहममध्ये), आणि त्यातही किमान इम्पीडन्सचा. केईएफ क्यू१५० चं उदाहरण घ्या: कागदावर ८ ओहम, किमान ३.७. ज्या अॅम्पवर मागे फक्त ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं आहे त्याला हा जोरात वाजवला तर गरम होणार. तिसरा, खर्जाची मर्यादा, आणि ती आवाज किती उतरेपर्यंत धरली आहे, ±३ डीबी, −६ की −१०, हे पाहायचं. −१० चा आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण त्या कंपनसंख्येला स्पीकरची ताकद दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. ‘पीएमपीओ’ वॅट लिहिलेलं काहीही बाजूला ठेवावं, त्या आकड्याला प्रमाणित व्याख्याच नाही.

यांहून मोलाचा असतो तो आलेख. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून जी ऐकण्याची परीक्षणं केली, त्यांतून एक गोष्ट पक्की झाली. समोरून सपाट आणि बाजूला सरकत जाताना एकसारखा, हळूहळू उतरणारा स्पीकरच बहुतेकांना आवडतो, मग ब्रँड कोणताही असो. त्या मापनाची आजची रूढ पद्धत सीटीए-२०३४. त्यात समोरची रेघ आणि बाजूच्या परावर्तनांची रेघ शेजारी शेजारी पाहायच्या. समोरची सपाट आहे, पण बाजूची दोन हजारला खाली जाऊन तीन-चार हजारला एकदम वर उसळते, असं दिसलं की तो स्पीकर टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये कर्कश लागणार. कारण असं: साडेसहा इंची वूफर अडीच हजारच्या पुढे टॉर्चसारखा समोरच फेकायला लागतो, आणि क्रॉसओव्हरनंतर एक इंची ट्वीटर पुन्हा चहूकडे पसरतो. भिंतींवरून येणाऱ्या आवाजात हा सांधा उघडा पडतो. ट्वीटरभोवती आवाजाला दिशा देणारा खोलगट वेव्हगाइड असेल किंवा ट्वीटर वूफरच्या केंद्रातच बसवलेला असेल, तर सांधा बराच बुजतो. आपल्याकडे गालिचे नसतात, म्हणून हा मुद्दा मी किमतीच्याही आधी ठेवला.

अॅम्पचा हिशेब इथेच करून टाकावा. ८६ डीबीचा स्पीकर, जोडीने एकेक वॅट दिलं तर नऊ फुटांवर साधारण ८० डीबी मिळतं. घरात मन लावून ऐकायला सरासरी ७५ पुष्कळ. तबल्याच्या थापेला किंवा तारसप्तकातल्या तानेला सरासरीच्या वर १५ ते २० डीबी जागा लागते, आणि दर दहा डीबीला दहापट वॅट. म्हणजे तीस-चाळीस प्रामाणिक वॅटमध्ये काम भागतं. छोट्या क्लास-डी अॅम्पच्या खोक्यावरचे वॅट पुष्कळदा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले असतात, ते बरेच कमी धरायचे. कमी ताकदीचा अॅम्प पूर्ण पिळून वाजवला की त्याचा आवाज क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं छाटली जातात, आणि ट्वीटरची बारीक कॉइल जळते. ट्वीटर जळण्याचं नेहमीचं कारण हेच.

वायरवर जास्त खर्च करायचं कारण नाही. दीड चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत पुरते, जाण्या-येण्याचा एकूण रोध ०.१२ ओहमच्या आसपास राहतो. त्याहून लांब असेल तर अडीचची. स्वस्त ‘स्पीकर वायर’ मात्र कापून टोक पाहावं. बाहेरून लाल आणि आतून पांढुरकी तार दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची.

आता दुकान. लॅमिंग्टन रोडवर असो की बुधवार पेठेत, गजबजलेल्या दुकानात अंतिम निर्णय होत नाही, पण नापास करण्याचं काम चोख होतं. ऐकताना पंखा आणि एसी बंद करायला सांगायचं. पंख्याच्या घरघरीत तानपुऱ्याची जवारी आणि स्वर विझताना उरणारी आस दोन्ही बुडतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाजाची पातळी जुळवणं. दोन स्पीकरमध्ये एका डीबीचा फरक असला तरी मोठा तो चांगला वाटतो, आणि तो ‘मोठा’ न वाटता ‘स्पष्ट’ वाटतो. फोनवर पिंक नॉइजची (सगळ्या पट्ट्यांतल्या एकसारख्या सरसर आवाजाची) फाइल आणि साउंड मीटर अॅप ठेवायचं, बैठकीच्या जागी दोन्ही अर्ध्या डीबीत आणायचे, मगच तुलना. फोनचा माइक खर्जात कच्चा असतो, तरी पातळी जुळवायला पुरतो. अॅम्पवरचे बास, ट्रेबल आणि लाउडनेस शून्यावर आहेत ना, हेही स्वतः पाहावं.

आधी एकच स्पीकर, मोनोमध्ये. दोन एकदम वाजले की पसारा छान वाटतो आणि रंगातले दोष झाकले जातात. मोनोमध्ये ते लपत नाहीत. पहिली कसोटी बोलण्याची: ओळखीच्या माणसाचं साधं, संगीताशिवायचं ध्वनिमुद्रण. छातीतून आल्यासारखं भरीव वाटतंय की डब्यातून, ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात की दोन्हींची शिट्टी होते. मग तानपुरा एकटा. जोडीच्या तारांमध्ये जवारीचे वरचे स्वर एकामागून एक उमलत जाताना ऐकू यायला हवेत. ट्वीटर तीव्र असेल तर त्यांची नुसती झणझण होते, दबलेला असेल तर तार सुतळीसारखी बोथट लागते. मग तबला: चाटेवरचा ‘ना’ आणि मैदानातला ‘तिन्’ यांचा पोत वेगळा दिसला पाहिजे, आणि डग्ग्याची मींड वर चढताना कोणत्याही एका स्वरावर फुगता कामा नये. हार्मोनियम शेवटी. तिचे सूर बदलताना मधल्या पट्ट्यातला एखादाच सूर पुढे उडी मारत असेल तर स्पीकरला तिथे उंचवटा आहे. झांज-टाळ थोडा वेळच, कान थकतात. एका बैठकीत दोनच जोड्या ऐकाव्या, तिसरीला कान न्याय देत नाहीत.

यातून उरलेली जोडी घरी ऐकायला मागावी. सगळे देत नाहीत; अनामत ठेवून देणारा विक्रेता मिळाला तर पाचशे-हजार जास्त गेले तरी तिथूनच घ्यावी. घरी आल्या आल्या आधी पोलॅरिटी. लाल-काळी एका बाजूला उलटी जोडली गेली तर खर्ज गायब होतो आणि मध्ये उभा राहायला हवा तो गायक दोन्ही कानांत विखुरतो. शंका असेल तर दीड व्होल्टची पेन्सिल सेल क्षणभर टर्मिनलला लावावी, धन टोक लालला. दोन्ही वूफर एकाच दिशेला, बाहेर सरकले पाहिजेत. मग २०० पासून ४० हर्ट्झपर्यंत हळू उतरणारा सूर मध्यम आवाजात वाजवावा. खोक्यातला सैल स्क्रू, जाळीची थरथर, शोकेसच्या काचांची टिकटिक, सगळं यात सापडतं. काच थरथरत असेल तर स्पीकरला दोष देऊ नये, काचेखाली फेल्ट लावावं.

जुनी जोडी घेणाऱ्याने आणखी तीन गोष्टी कराव्या. वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलका दाबावा: आपल्या दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षांत पिठासारखा गळतो, रबराची कड टिकते. कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा, अलगद आत ढकलावा. खरखर आली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरने टर्मिनलवरचा रोध मोजावा. आठ ओहमचा वूफर साडेपाच ते सात दाखवतो. बाय-वायर (वूफर आणि ट्वीटरला वेगळी टर्मिनलं असलेल्या) स्पीकरच्या पट्ट्या काढून वरच्या जोडीवर मोजलं तर बहुधा काहीच दाखवणार नाही, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो. तेवढ्यावरून ट्वीटर जळला असं ठरवू नये, ते कानानेच तपासावं.

जागेवर बसवल्यावरचं बारीक काम सावकाश होतं. स्पीकर आधी सरळ समोर, मग थोडे थोडे आत वळवत न्यायचे. आवाज मध्यभागी घट्ट उभा राहिला की थांबायचं. फार वळवले तर तीव्र भाग टोचतो. मध्ये उभं राहून टाळी वाजवावी, ‘टर्रर्र’ अशी परत आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ती अडकते आहे. तिथे पुस्तकांचं कपाट, बाजूला जाड पडदा, सोफ्यापुढे जाड सतरंजी. पातळ पडदा फक्त वरचा भाग खातो आणि खोली बसकी करतो, म्हणून पडदा घ्यायचा तर चुण्यांचा, दुप्पट कापडाचा. बाल्कनीचं दार उघडं आणि बंद, दोन्ही वेळा ऐकावं. दार उघडं असताना त्या बाजूचा खर्ज उतरतो आणि डावी-उजवी बाजू वेगळी वाटते.

यानंतरही खर्जात काही उरलं तर मोजायचं. युएमआयके-१ सारखा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. या आकाराच्या खोलीत साधारण २५० हर्ट्झच्या खाली राज्य खोलीचं असतं, वर स्पीकरचं. म्हणून इक्वलायझर त्या रेषेच्या खालीच वापरावा, आणि फक्त उंचवटे उतरवायला. इथे ७५ ला अरुंद असा ४ डीबीचा उतार दिला तेव्हा डग्गा मोकळा झाला. खड्डे मात्र भरू नयेत: जिथे ध्वनी स्वतःलाच खातो तिथे कितीही वॅट ओतले तरी ते खाल्लेच जातात, वूफर तेवढा दमतो.